रावसाहेबांचा भुसा

"ह्याच्यावर म्हैस आहे," शर्वरी म्हणाली.

पोतं मी पडवीत भिंतीला टेकवून उभं केलं होतं. पन्नास किलोचं, त्याच आठवड्यात आलेलं, शिवण न उसवलेलं. त्याच्यावर म्हैस होती हे खरं होतं. हिरव्या गवतात उभी, कासेला चांगली, आणि तिच्या पाठीमागे सूर्य.

"चित्रावर जाऊ नको," मी म्हणालो. "आतली गोळी एक नंबर आहे. प्रथिनं बावीस टक्के. गाभण जनावराला तर ह्याच्यासारखी दुसरी नाही."

"रावसाहेब गाभण नाहीत. ते मुलगा आहेत."

"तसं नाही. कुणालाही चालते."

तिनं पोत्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे पाहिलं. पिंजऱ्यात रावसाहेब एक कान उभा आणि एक आडवा करून बसले होते. ते पोत्यापेक्षा बरेच लहान होते.

"थँक्यू, दिघेकाका," असं म्हणून ती आत गेली. पोतं तिथंच राहिलं. आमच्याकडे म्हैस नव्हती.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. संगमनेरला बाजार समितीच्या रस्त्यावर माझं पशुखाद्याचं दुकान होतं, अजून आहे. गोळी पेंड, सरकी पेंड, भुसा, मका भरडा. तालुक्यातल्या निम्म्या गायी माझं खातात असं मी लग्नाआधी रेवतीला सांगितलं होतं, आणि तिच्यावर त्याचा थोडाफार परिणाम झाला होता अशी माझी समजूत आहे. रेवती दूध संघात फॅट तपासायला होती. तिचे पहिले यजमान, निखिल, आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी नाशिकला आजारपणात गेले. मग तिला इकडे नोकरी लागली आणि मुलगी तिकडेच निखिलच्या आई-वडिलांकडे, तिच्या आजी-आबांकडे राहिली. आमचं लग्न मे महिन्यात झालं. जूनमध्ये शर्वरी आमच्याकडे आली, चौथीत. सोबत दोन बॅगा, एक छत्री आणि रावसाहेब.

रावसाहेब म्हणजे ससा. पांढरा, डाव्या कानावर राखी डाग. नाव निखिलनं ठेवलेलं. ज्या दिवशी घरी आणला त्या दिवशी ससा उडी मारून सोफ्यावर जाऊन बसला आणि कुणी उठवलं तरी उठेना, म्हणून रावसाहेब. तेव्हापासून त्यांना सगळेच अहो-जाहो करायचे. रावसाहेब, जेवलात का? रावसाहेब, जरा सरकता का? मीही करायला लागलो. आईला शर्वरी तू म्हणायची, नाशिकच्या आजीला आणि आबांनाही तू. त्यामुळे अहो-जाहो ती दोघांनाच करायची, सशाला आणि मला.

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. आम्हा दिघ्यांच्या घरात वडिलांना अरे म्हणायची पद्धत नाही. मी माझ्या दादांना ते जाईपर्यंत अहो दादा म्हणत होतो आणि त्यांच्यासमोर खुर्चीत पाठ टेकून बसत नव्हतो. मुलगी वळणाची आहे, असं मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो.

फक्त ती कधी भांडायची नाही. रुसायची नाही, हट्ट करायची नाही. कारल्याची भाजी केली तर कारलं खायची. जेवण झालं की स्वतःचं ताट घासायला नेऊन ठेवायची आणि माझं झालं असेल तर माझंही. पाहुणा इतका चांगला वागला की घरच्याला धाप लागते, आणि हा पाहुणा पाच महिने झाले तसाच वागत होता.

आणि त्याला कारण होतं. जूनमध्येच ठरलं होतं की दिवाळीची सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी आबा येणार आणि शर्वरीला एकदाच विचारणार, इथं राहायचं की नाशिकला. ती म्हणेल तसं. तोवर तिला कुणी समजवायचं नाही, कुणी गळ घालायची नाही. आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी लागली, गाडी सुटली, असंच ते बोलत, मध्ये काही नसे. रेवतीनं मान्य केलं. मुलीला आपण एकदा मागे ठेवून आलो, आता तिला ओढून ठेवायला आपल्याला तोंड नाही, असं तिला वाटायचं. मला विचारलं तेव्हा मीही हो म्हणालो.

शर्वरी राहायला हवी होती. रेवतीसाठी, असं मी स्वतःला सांगायचो. पण खरं म्हणजे मलाच हवी होती. अडतीस वर्षांचा होईपर्यंत ज्या घरात मी एकटा राहिलो, तिथं रोज सकाळी कुणीतरी तोंडात ब्रश धरून गाणं म्हणत होतं. शब्द एकही कळायचा नाही. ते बंद झालं तर मी काय करीन, हे मला समजत नव्हतं.

पोतं आणलं तो गुरुवार होता. आबा रविवारी यायचे होते.

सशाच्या गोळ्या तोवर नाशिकहून यायच्या आणि त्या संपत आल्या होत्या. शर्वरीनं ते मला नाही, आईला सांगितलं होतं. "ह्यांना सांग ना, ह्यांचं तर दुकानच आहे," असं रेवती म्हणाली आणि मी भिंतीपलीकडून ऐकलं. म्हणून ते पोतं. ते फसल्यावर मी कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि सशाची गोळी बनवता का विचारलं.

"शेठ," तो म्हणाला, "सशाचं दूध कोण घेणार?"

शेवटी दुधाच्या टँकरवरच्या रफिकला सांगितलं की नाशिकला सशाचं जे काही खाद्य मिळेल ते घेऊन ये. तो शुक्रवारी दोन पुडे घेऊन आला. एकात लाल, पिवळे, हिरवे तुकडे होते आणि पुड्यावर गाजर धरून हसणारा ससा होता. दुसऱ्यात नुसत्या करड्या-हिरव्या गोळ्या, बकरीच्या लेंड्यांसारख्या. पुडाही साधा, नुसतं नाव.

दोन्ही मी पडवीत तिच्यापुढे ठेवले. ती रंगीत पुड्याकडे हात नेणार, इतक्यात मी म्हणालो, "उलटा कर."

"का?"

"पोत्याच्या पुढच्या बाजूला चित्र असतं. माल मागे असतो. मागची बाजू वाच."

तिनं पुडा उलटा केला आणि बोट ठेवून वाचलं. "क्रूड फायबर नऊ टक्के. क्रूड फायबर म्हणजे काय?"

"तंतू. गवतातला चोथा. आता दुसरा वाच."

"एकवीस."

"रावसाहेब दिवसभर काय खातात?"

"गवत."

"मग कुठली?"

ती थोडा वेळ दोन्ही पुडे मांडीवर घेऊन बसली. मग रंगीत पुड्याच्या कोपऱ्यावरचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "ह्याच्यात साखर पण आहे. सशाला साखर कशाला?"

"सशाला नाहीच. ही गोळी सशासाठी केलेली नाही, दुकानात सशासाठी गोळी घ्यायला येणाऱ्यासाठी केलेली आहे."

ती हसली. खुदकन, एकदाच, पण हसली. मी बोललेल्या गोष्टीवर ती पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली. मग मी तिला सांगितलं की खाद्य कधी एकदम बदलायचं नाही, जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यायचं, आठवडाभर.

"म्हशीला पण असंच करतात?"

"म्हशीला पण."

तिनं मान हलवली आणि आत जाऊन एक वही घेऊन आली. त्यात तिनं तारीख टाकून लिहिलं, जुन्या तीन चमचे, नव्या एक चमचा. मी रात्री जेवताना रेवतीला म्हणालो, "शर्वरी हसली आज."

"कशाला?"

"क्रूड फायबरला."

रेवतीनं माझ्या ताटात एक पोळी जास्तीची वाढली. तिला आशा वाटायला लागली होती हे मला दिसत होतं. मलाही लागली होती.

शनिवारी दुपारी शर्वरी स्वतः दुकानात आली. आतापर्यंत ती दुकानात कधी आली नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, "दिघेकाका, भुसा संपलाय. उद्या आबा येणार आहे तर रावसाहेबांची पेटी स्वच्छ पाहिजे. तुम्ही आणाल का?"

मुलगी माझ्या दारात येऊन माझ्याकडे माझ्याच दुकानातली वस्तू मागत होती. मला अगदी भरून आलं.

"आणाल का काय विचारतेस? घरचाच आहे. तू जा, मी भरून ठेवतो."

आता आमच्या धंद्यात भुसा म्हणजे गव्हाचा भुसा. पिठाच्या गिरणीतून येतो, जनावरं आवडीनं खातात. दुसरा भुसा आम्हाला माहीत नसतो. लाकडाचा जो असतो त्याला लाकडाचा भुसा म्हणतात आणि त्याच्याशी आमचा संबंध येत नाही. पिंजऱ्यातली रावसाहेबांची बसायची पेटी शर्वरी स्वतः साफ करायची. आबांनी जूनमध्ये दोन गोण्या भरून काहीतरी दिलं होतं, ते ती पुरवून पुरवून वापरत होती. पेटीत पिवळसर काहीतरी असतं एवढं मी लांबून पाहिलं होतं. रावसाहेब ज्यावर बसतात, ज्यावर बाकीचंही उरकतात, तेच खातात याचं मला जरा नवल वाटलं. पण मोठ्या लोकांच्या सवयींवर आपण बोलू नये.

मी नव्या पोत्यातला भुसा काढला. ताजा, मऊ, गोडसर वासाचा. संध्याकाळी रेवती आणि शर्वरी शिंप्याकडे गेल्या होत्या तेव्हा पेटी घासून, पुसून, वाळवून त्यात चांगला चार बोटं थर दिला. हातानं सारखा केला. रावसाहेबांना उचलून आत ठेवलं. ते ताबडतोब खाली वाकले.

त्या दोघी आल्या तेव्हा लोडशेडिंग सुरू झालं होतं. शर्वरी मेणबत्ती घेऊन पडवीत गेली, लांबूनच पेटी पाहिली आणि म्हणाली, "केवढा मऊ टाकलाय. थँक्यू." अंधारात भुसा तो भुसा.

रविवारी सकाळी गाणं ऐकू आलं नाही.

मी पडवीत गेलो. शर्वरी पेटीसमोर उकिडवी बसली होती. पेटीचा तळ दिसत होता, जवळजवळ चाटून स्वच्छ केलेला. रावसाहेब कोपऱ्यात पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसले होते. तिनं पुढे केलेली कोथिंबीर त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

"लेंड्या नाहीत," ती म्हणाली. "एक पण नाही. रोज सकाळी खूप असतात." मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "भुसा कुठला होता?"

"गव्हाचा."

तिनं हळूच रावसाहेबांच्या पोटाला हात लावला. "टणक लागतंय," ती म्हणाली.

"तू भुसा म्हणालीस, म्हणून मी..."

"असू दे, दिघेकाका. तुम्हाला माहीत नव्हतं." तिचा आवाज अगदी शांत होता. "लाकडाचा लागतो. रंधा मारल्यावर खाली पडतो तो. मीच सांगायला पाहिजे होतं. सॉरी."

चूक माझी, आणि माफी ती मागत होती. तिनं माझ्या अंगावर पेटी फेकली असती तर मला सोसलं असतं.

जनावरांचे डॉक्टर गुंजाळ आमचे गिऱ्हाईकही आणि मित्रही. रविवारचा पेपर तसाच टाकून मोटारसायकलवर आले. त्यांनी रावसाहेबांना टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं.

"सोपानशेठ, खरं सांगतो," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सशाला मी हात लावला तो कॉलेजात, आणि तोही परीक्षेपुरता. पण एवढं कळतंय की आतडं थांबलंय. भुसा फुगलाय, गॅस धरलाय. लहान बाळांना पोटदुखीचे थेंब देतात ते आणा, मी सांगतो तेवढे द्या. पाणी ड्रॉपरनं. वाळलं गवत तोंडापुढं ठेवा, दुसरं काही म्हणता काही घालू नका. पोट चोळत राहा. लेंडी पडली की समजायचं गाडी सुरू झाली."

"आणि नाही पडली तर?"

"तीनपर्यंत वाट बघा. नाही पडली तर नाशिकला न्या. तिथं ह्या लहान जनावरांचा डॉक्टर आहे. ससा हे नाजूक काम असतं शेठ, उद्यावर टाकू नका."

अकरा वाजता आबा आले. सत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. हातात झाकणाची वेताची मोठी टोपली होती. रावसाहेबांना न्यायला आणलेली, हे कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ती दाराशी ठेवली, पाणी प्याले, सगळं ऐकून घेतलं आणि पडवीत येऊन म्हशीच्या पोत्यावर बसले.

"तीन दहाची विनाथांबा आहे नाशिकला," ते म्हणाले. "पाचला पोचते. गरज पडली तर माझ्याबरोबर येतील दोघं. तसंही..."

रेवती आत जाऊन कुकर लावू लागली. कुकर आधीच लावलेला होता.

दोन तास आम्ही सशाकडे पाहत बसलो. थेंब दिले. पाणी दिलं. शर्वरी रावसाहेबांना मांडीवर घेऊन दोन बोटांनी पोट चोळत होती, मधूनमधून खाली सोडून चालवत होती. ते दोन पावलं टाकायचे आणि बसायचे. "रावसाहेब, चला ना," ती म्हणायची, "थोडं चला." कुणी जेवलं नाही. आबांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग मनगट शर्टाच्या बाहीत घेतलं.

दीडच्या सुमाराला मला बसवेना. मी काहीच करत नव्हतो आणि सगळं मी केलेलं होतं. आमच्याकडे गायी-म्हशींना पोटफुगी झाली की गोडेतेल पाजतात. मी लहानपणापासून पाहिलंय, बाटलीभर तेल पोटात गेलं की जनावर तासाभरात उठून उभं राहतं. ससा लहान, म्हणून मी कपभरच घेतलं. डॉक्टरांनी काही घालू नका म्हटलं होतं, पण तेल म्हणजे काही खाणं नव्हे असं मी मनाशी ठरवलं. कप घेऊन मी पडवीत आलो आणि रावसाहेबांपुढे बसलो.

"हे काय आहे?" शर्वरीनं विचारलं.

"गोडेतेल. हे पाजलं ना, की म्हशीला सुद्धा..."

"अरे, तू वेडा आहेस का?"

आत रेवतीच्या हातातून काहीतरी पडलं.

"रावसाहेब म्हैस आहेत का?" शर्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "सारखं म्हैस, म्हैस. तुला काही कळत नाही का रे? मागची बाजू वाच, मागची बाजू वाच असं मला सांगतोस, आणि स्वतः काहीच वाचत नाहीस. डॉक्टरकाकांनी काय सांगितलं? काही घालायचं नाही. ऐकलं होतंस ना तू? आणि भुसा आण म्हटलं की लगेच आणतोस. कुठला म्हणून विचारायचं ना. तोंड नाहीये का तुला? मरतील ना ते."

"शर्वरी," रेवती दारात येऊन म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मोठ्या माणसांशी असं बोलतात? ही काय भाषा आहे? आधी सॉरी म्हण त्यांना."

"बोलू दे तिला," आबा म्हणाले.

ते पोत्यावरून उठले नव्हते, पण आता ताठ बसले होते.

मी कप हातात धरून होतो. माझ्या घरात मला असं कुणी बोललं नव्हतं. दादा असते तर त्यांनी काय केलं असतं ते माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. सशाला ती अजून अहो म्हणत होती आणि मला अरे. म्हणजे घरात माझी जागा आता रावसाहेबांच्याही खाली गेली होती, आणि तेही आबांच्या समोर, आजच्या दिवशी. पाच महिने जी मुलगी वळणानं वागत होती तिनं जायचं ठरवल्यावर मनातलं बोलून घेतलं, असाच मी त्याचा अर्थ लावला. तीन दहाची गाडी मला दिसायला लागली.

"विचारलं नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"मग ते तेल ठेव तिकडं. आणि इथं बस."

मी कप ठेवला आणि बसलो.

"हात धुतलेस का? तेलकट आहेत."

मी हात धुऊन आलो. तिनं रावसाहेबांना माझ्या मांडीवर ठेवलं. ते कापसासारखे हलके होते आणि त्यांचं काळीज माझ्या तळहाताखाली भराभर उडत होतं. पाच महिन्यांत मी त्यांना कधी मांडीवर घेतलं नव्हतं.

"दोन बोटांनी चोळ. हळू. पुढून मागे. म्हैस नाहीयेत ते, सांगितलं ना."

"दाबू का थोडं?"

"मी सांगेन तेव्हा दाब."

ती सांगेल तसं मी करत गेलो. चोळ. थांब. आता खाली सोड. उचल. असा नको धरूस, पाय लोंबतात. माझे पाय बधिर झाले. रेवती दारातच उभी होती. आबा आमच्याकडे पाहत होते आणि घड्याळाकडे पाहत नव्हते.

तीनला वीस मिनिटं कमी असताना रावसाहेब माझ्या मांडीवरून उतरले, पेटीकडे दोन उड्या मारून गेले, आणि थांबले.

"पडली," शर्वरी म्हणाली.

वाटाण्यापेक्षा लहान, वाळकी, वेडीवाकडी. आबांनी चष्मा लावून खाली वाकून पाहिली आणि मान डोलावली. मी डॉक्टरांना फोन लावला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एक पडली ना? मग येतील. अभिनंदन."

फोन ठेवेपर्यंत दुसरी पडली होती. थोड्या वेळानं रावसाहेबांनी वाळल्या गवताची एक काडी ओढली आणि ती चावायला लागले, अगदी सावकाश, कुणी घाई केलेली त्यांना खपणार नाही असे. शर्वरी जमिनीवर आडवी होऊन त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन चावण्याचा आवाज ऐकत होती.

आबा उठले. शर्ट सारखा केला. "चला," म्हणाले, "तीन दहाची मिळेल मला."

"आबा," रेवती म्हणाली. "तुम्ही तिला... विचारायचं होतं ना?"

"झालं विचारून."

"कधी?"

"पाणी दे जरा," आबा म्हणाले. पाणी प्याले, शर्वरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती पडल्या पडल्याच म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी आजीला पण घेऊन ये." तिनं मान वर केली नाही, ती आवाज ऐकत होती.

मी त्यांना मोटारसायकलवर स्टँडवर सोडलं. गाडी लागलेली होती. त्यांनी पाटी पाहिली, चालकाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"आबा," मी म्हणालो, "मनावर घेऊ नका. ती एरवी असं बोलत नाही. वळणाची आहे. पाच महिन्यांत एकदासुद्धा तिनं मला अरे-तुरे..."

"ठाऊक आहे. आमच्याकडेही तीन वर्षं वळणानंच राहिली. ताट उचलून ठेवायची. कारलं खायची. आम्हाला तू म्हणते, पण चिडली कधी नाही. नऊ वर्षांचं पोर चिडत नाही म्हणजे काय, दिघे? रात्री मी आणि ही एकमेकांकडे बघत बसायचो. निखिलला मात्र ती झाडायची. सकाळ-संध्याकाळ. त्यानं चूक केली रे केली की, अरे, तू वेडा आहेस का? ह्याच शब्दांत. ही रागवायची तिला. निखिल म्हणायचा, आई, बोलू दे तिला."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"तीन वर्षांनी ऐकलं आज," ते म्हणाले.

भर स्टँडवर, माझी अर्धी गिऱ्हाइकं तिथून जात असताना, माझे डोळे भरले होते. आबा गाडीत चढले आणि खिडकीशी बसले.

"टोपली राहिली तुमची," मी कसंबसं म्हणालो. "पोचवतो मी."

"राहू दे तुमच्याकडेच. भुसा आणायला होईल."

वाहकानं घंटी मारली. गाडी हलली, फलाटावरून मागे आली, वळली. वळता वळता आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"लाकडाचा," ते म्हणाले.

मी घरी जाऊन टोपली घेतली आणि पुन्हा बाहेर पडलो. रविवार, सगळं बंद. वखारीच्या मालकाला झोपेतून उठवलं. रंध्याखालचा कोरडा, जाडसर, धूळ नसलेला भुसा त्याच्याकडून निवडून घेतला. कशाला हवाय, असं त्यानं दोनदा विचारलं. रावसाहेबांना, असं मी सांगितलं. कुठले रावसाहेब हे त्यानं विचारलं नाही.

परत आलो तेव्हा शर्वरी पडवीच्या पायरीवर बसली होती. रावसाहेब तिच्या शेजारी. म्हशीच्या पोत्याला टेकून रेवती बसली होती आणि तिनं बराच वेळ रडून मग तोंड धुतलेलं दिसत होतं.

"किती वेळ लावलास," शर्वरी म्हणाली. "कुठला आणलास?"

"लाकडाचा."

"दाखव."

मी झाकण उघडून दाखवला.